कलिंगडाची कोवळी फळे सुपारीएवढी होऊन गळतात, काय करावे?

परसदार, नाशिक

नमस्कार. आमच्या घराच्या मागे सुमारे बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. तिथे या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला शुगर बेबी या वाणाच्या कलिंगडाचे बी लावले. जमीन मुरमाड असल्याने शेणखत आणि गांडूळखत मिसळून तीन आळी केली आणि प्रत्येक आळ्यात दोन-दोन रोपे ठेवली. वेलांची वाढ जोमदार असून पाने मोठी व गर्द हिरवी आहेत, शेंडे आता कुंपणाच्या भिंतीला लागले आहेत. आधी नुसतीच नर फुले येत होती, पण आता खाली लवदार कोवळे फळ असलेली मादी फुलेही रोज दिसतात.

अडचण इथून पुढची आहे. मादी फूल उमलून गेल्यावर त्याखालचे फळ तीन-चार दिवस जिथल्या तिथे राहते, फार तर सुपारीएवढे होते, मग टोकाकडून पिवळे पडत जाते आणि हात लावताच देठासह गळून येते. आतापर्यंत एकही फळ लिंबाच्या आकारापलीकडे गेलेले नाही. शेजारच्या वाफ्यात काकडी आणि मांडवावर दुधी आहे. काकडीच्या शेजारी कलिंगड लावल्यामुळे असे होते, असे एका परिचितांचे म्हणणे आहे, तर रोपवाटिकेतील विक्रेत्याने बोरॉनची फवारणी सुचवली आहे. वेलांना दर आठवड्याला १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) विद्राव्य खत देत आहे आणि रोज संध्याकाळी नळीने पाणी घालत आहे. ऊन सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत भरपूर मिळते. मधमाश्या मात्र फारशा दिसत नाहीत.

गळ नेमकी कशामुळे होत असावी, फवारणी करावी का, आणि फळे टिकलीच तर एका वेलीवर किती ठेवावीत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मांडव-वेल, पुणे

नमस्कार. कोणतीही फवारणी करण्याआधी गळलेली चार-पाच फळे धारदार सुरीने उभी कापून पाहावीत, ही माझी पहिली विनंती आहे. कोवळे फळ गळण्याची घरच्या बागेतली कारणे बहुतेक वेळा दोनच असतात, आणि ती बाहेरून सारखीच दिसतात. आतला गर स्वच्छ, पांढरट आणि कोरडा असेल, तर परागीभवन झालेले नाही. आत तपकिरी बोगदे, पाणीदार कूज किंवा बारीक पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर ते फळमाशीचे काम आहे. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, एवढेच नव्हे तर एकावरचा उपाय दुसरे दुखणे वाढवू शकतो, कारण माशीसाठी मारलेले कीटकनाशक मधमाश्यांनाही घालवते.

आपण दिलेल्या वर्णनावरून पहिल्या कारणाची शक्यता मला जास्त वाटते. कलिंगडात नर आणि मादी फुले एकाच वेलीवर पण वेगवेगळी येतात, नर फुले आधी आणि संख्येने पुष्कळ, मादी फुले उशिरा आणि मोजकी. प्रत्येक फूल एकाच सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत कायमचे मिटते. परागकण चिकट असल्यामुळे ते वाऱ्याने उडत नाहीत, मधमाशीच्या अंगाला लागूनच ते पुढे जातात. मादी फुलाच्या मधोमध असलेली कुक्षी तीन भागांची असते आणि त्या तिन्ही भागांवर मिळून साधारण हजारभर परागकण सारखे पसरले, तरच फळ सर्व बाजूंनी नीट भरते. त्यासाठी मधमाशीने त्या फुलाला एकदा नव्हे तर अनेकदा भेट द्यावी लागते. भेटी कमी पडल्या तर फळ एका अंगाला चपटे राहते किंवा मोठे होऊनही आतून पोकळ निघते. मुळीच झाल्या नाहीत तर वेल ते फळ टाकून देते.

तेव्हा हे काम आपण हाताने करावे. त्या दिवशी सकाळीच उमललेले ताजे नर फूल देठासह खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून मधले पुंकेसर उघडे करावेत आणि ते आधी अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहावेत. नखावर पिवळी भुकटी उमटली तर पराग तयार आहेत. काहीच उमटले नाही तर थोडा वेळ थांबावे. मग ते मादी फुलाच्या कुक्षीवर, तिन्ही भागांना स्पर्श होईल असे, अलगद फिरवावे. घासू नये, कारण कुक्षी नाजूक असते आणि खरचटली तर सगळाच खटाटोप फुकट जातो. एका मादी फुलासाठी दोन-तीन नर फुले वापरलेली चांगली. ऊन चढण्याआधी हे उरकावे. परागीभवन झालेल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून ठेवावा, म्हणजे पुढे फळ काढणीचा अंदाज घेतानाही तो उपयोगी पडेल. फलन झाले असेल तर दोन-तीन दिवसांत फळ फुगू लागते, अंगावरची लव कमी होत जाते आणि साल तुकतुकीत दिसू लागते.

काकडीविषयी ऐकलेली गोष्ट मनातून काढून टाकावी. कलिंगडाचा काकडीशी किंवा दुधीशी संकर होत नाही. दोन वेगळ्या वाणांच्या कलिंगडांत संकर झाला, तरी त्याचा परिणाम बियांत आणि म्हणून पुढच्या पिढीत दिसतो, यंदाच्या फळाच्या गराची चव त्यामुळे बदलत नाही. बोरॉन परागनलिकेच्या वाढीला आवश्यक असते हे खरे. परंतु शेणखत घातलेल्या आळ्यात त्याची टंचाई असण्याचा संभव कमी आहे, आणि गरजेची मात्रा व अपायकारक मात्रा यांतले अंतर फार थोडे असल्याने घरच्या अंदाजाने त्याची फवारणी करू नये, असे माझे ठाम मत आहे.

खताबाबत एक सुचवतो. पाने मोठी व गर्द हिरवी असणे आणि मादी फुले उशिरा येणे, ही दोन्ही लक्षणे नत्र जास्त झाल्याची असू शकतात. १९:१९:१९ आता थांबवावे. फळे धरू लागली की पालाशयुक्त खत द्यावे. रासायनिक नको असेल तर मूठभर लाकडाची राख आळ्याच्या कडेने मातीत मिसळावी, मात्र ती वारंवार घालू नये, कारण राखेने मातीचा विम्लपणा (अल्कधर्मीपणा) वाढतो.

भातखाचर, रायगड जिल्हा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त फळमाशीकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून लिहितो. आपल्याकडे शेजारीच दुधी आणि काकडी आहे, आणि वेलवर्गीय फळभाज्यांवरची ही माशी या सगळ्यांवर एकाच हंगामात फिरत असते. आमच्या भागात भात काढल्यावर डिसेंबर-जानेवारीत त्याच खाचरांत कलिंगड लावतात आणि उन्हाळ्यात मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला त्याचे ढीग दिसतात. लावणीपासून काढणीपर्यंत या पिकात शेतकऱ्याला सर्वांत जास्त जपावे लागते ते कोवळे फळ. साल मऊ असतानाच मादी माशी त्यात अंडी घालते. सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका आणि त्यातून सुकलेला डिंकासारखा थेंब दिसला, की आत अंडी गेली असे समजावे.

अळ्या फळात वाढतात आणि कोषात जाण्यासाठी मातीत उतरतात. त्यामुळे गळलेले फळ आळ्यात तसेच पडू देणे किंवा उघड्या कंपोस्टच्या ढिगावर टाकणे म्हणजे पुढची पिढी स्वतःच्या हाताने वाढवणे होय. अशी फळे रोजच्या रोज गोळा करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावीत आणि पिशवी काही दिवस कडक उन्हात ठेवावी. वेलीखालची माती खुरप्याने वरवर हलवत राहावी, म्हणजे कोष उघडे पडून उन्हाने मरतात किंवा पक्षी ते वेचतात. मुळे वरच्या थरात पसरलेली असतात, म्हणून आळ्याच्या अगदी मध्यभागी मात्र खुरपे लावू नये.

सापळा लावायचा असेल तर दुकानात नीट विचारून घ्यावे. आंब्याच्या बागेत फळमाशीसाठी जो सापळा लावतात, त्यात मिथाईल युजेनॉल हे आमिष असते. वेलवर्गीय पिकांवरच्या माशीला क्यू ल्युअर हे आमिष लागते. सापळ्याचा डबा दोन्हींसाठी सारखाच दिसत असल्यामुळे आंब्याचे आमिष कलिंगडात टांगले जाते आणि मग सापळा निरुपयोगी आहे असा ग्रह होतो. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबून चालत नाही. आपल्यासारख्या लहान जागेत सर्वांत खात्रीचा उपाय साधा आहे. हाताने परागीभवन केलेले फळ लिंबाएवढे झाले की त्याला पातळ मलमलीची किंवा कागदाची सैल पिशवी बांधावी आणि साल टणक होईपर्यंत ती तशीच ठेवावी.

मधमाश्या येत नाहीत याचे कारणही शोधावे. जवळपास कोणी सकाळच्या वेळी कीटकनाशक फवारत असेल, तर त्यांना संध्याकाळी फवारण्याची विनंती करून पाहावी. बांधाला झेंडू, तुळस आणि बडीशेप फुलू द्यावी. तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची सवय असते, पण एक-दोन रोपांवर त्या राहू दिल्या तर सातेरी, फुलोरी आणि बारीक पोयाच्या माश्या तिथे हमखास येतात आणि एकदा वाट सापडली की वेलीकडेही वळतात.

परसदार, नाशिक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे गळलेली फळे कापून पाहिली. बहुतेक फळांचा गर आतून पांढरा व स्वच्छ होता, परंतु दुधीच्या मांडवाकडच्या बाजूला गळलेल्या एका फळात बारीक अळ्या निघाल्या. म्हणजे दोन्ही कारणे कमी-अधिक प्रमाणात आहेत, असे दिसते. ती फळे पिशवीत बांधून उन्हात ठेवली आहेत.

हाताने परागीभवन सुरू केले आहे. पहाटे लवकर गेले असता फुले मिटलेली होती आणि नखावर पराग उमटत नव्हते; ऊन अंगणात उतरल्यावर ती उमलली आणि तेव्हा नखावर पिवळा ठसा स्पष्ट दिसला. दोरा बांधलेल्या फळांपैकी काही गळाली, पण तीन फळांची लव गेली असून ती आता पेरूएवढी झाली आहेत आणि त्यांच्यावर मलमलीच्या पिशव्या बांधल्या आहेत.

आता तीन शंका उरल्या आहेत. सहा वेलींवर एकूण किती फळे ठेवावीत, पाणी कसे द्यावे, आणि शुगर बेबीची साल जवळजवळ काळी असल्याने फळ तयार झाल्याचे ओळखावे कसे? कच्चे फळ कापले जाऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

भीमाकाठ, सोलापूर जिल्हा

ताई, आपली जागा बहात्तर चौरस फूट आणि वेली सहा, ही दाटी झाली आहे. शेतात दोन ओळींत सहा-साडेसहा फुटांचे अंतर ठेवतात. आता वेली उपटू नयेत, कारण गुंतलेली मुळे दुखावतील; प्रत्येक आळ्यातली कमजोर वेल जमिनीलगत कात्रीने कापावी. राहिलेल्या तीन वेलींवर प्रत्येकी दोनच फळे ठेवावीत. जास्त फळे ठेवली तर पानांनी तयार केलेली साखर वाटली जाते आणि सगळीच फळे लहान व फिकी राहतात. पेरूएवढ्या झालेल्या फळांच्या वेली मात्र सांभाळाव्यात, कापायची वेल निवडताना हे आधी पाहावे. शुगर बेबीचे फळ चांगल्या जमिनीत तीन ते पाच किलोपर्यंत जाते. परसात अडीच-तीन किलोचे गोड फळ मिळाले तरी ते उत्तम पीक मानावे.

पाण्याविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण कलिंगडाची गोडी आणि फळाचे आरोग्य यांचा निम्मा हिशेब पाण्यात आहे. पूर्वी आमच्याकडे नदीच्या वाळूत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत भरून कलिंगडाच्या वाड्या करत असत. वर वाळू तापलेली आणि खाली सतत ओल अशी ती जागा असे, मुळे ओलीच्या शोधात खोल जात आणि वेलीचा पाला कोरडा राही. परसात तेच साधायचे आहे. रोज संध्याकाळी नळीने वरून शिंपडलेले पाणी मातीचा वरचा थरच ओला करते, मुळे वरच राहतात, आणि रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर केवडा व करपा या रोगांना आमंत्रण मिळते. त्याऐवजी सकाळी, पानांना न लागता, आळ्यात सावकाश भरपूर पाणी द्यावे आणि बोटाची दोन पेरे खाली माती कोरडी लागली की मगच पुढचे द्यावे. मुरमाड जमिनीत मार्चमध्ये दर दोन-तीन दिवसांनी आणि एप्रिलच्या उन्हात बहुधा एक दिवसाआड पाणी लागेल. दुपारी पाने कोमेजलेली दिसली म्हणून लगेच पाणी घालू नये. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर वेलीला पाणी पुरेसे आहे.

आळ्यावर उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा चार बोटे जाड अंथरावा. ओल सारखी राहणे हे किती पाणी घातले याहून महत्त्वाचे आहे. माती पूर्ण सुकू देऊन मग एकदम भरपूर पाणी दिले तर वाढते फळ तडकते, आणि ओल अशी खालीवर होत राहिली की वेलीत कॅल्शियम नीट पोहोचत नाही व फळाचे फुलाकडचे टोक काळे पडून बसते. त्यावर बरेच जण बुरशीनाशक मारतात, पण तो बुरशीचा रोग नव्हे. फळ तयार होत आले की शेवटचे आठ-दहा दिवस पाणी कमी करावे, बंद करू नये. फळाखाली पेंढ्याची जाड गादी किंवा कौल ठेवावे, म्हणजे ओल्या मातीला टेकून खालची बाजू कुजणार नाही.

आता तयार फळाची ओळख. फळधारणेपासून साधारण पस्तीस ते चाळीस दिवसांनी रोज लक्ष ठेवावे. आपण दोरे बांधले आहेत, त्यांवर तारीख लिहिलेली चिठ्ठी अडकवावी. फळाचा देठ वेलीला जिथे जोडलेला असतो, तिथूनच निघालेली एक कुरळी बाळी, म्हणजे वेलीचा तंतू, असते. ती हिरवी असेपर्यंत फळाला हात लावू नये. ती टोकाकडून सुकत येते आणि बुडापर्यंत वाळून तपकिरी झाली की पहिली खूण मिळाली. दुसरी खूण फळाच्या जमिनीला टेकलेल्या भागावर असते. तिथला डाग आधी पांढरा असतो आणि फळ पिकताना लोण्यासारखा पिवळसर होतो. शुगर बेबीची साल काळपट असल्यामुळे हा डाग उलट जास्त उठून दिसतो, म्हणून या वाणाची काळजी करण्याचे कारण नाही. सालीची चकाकीही याच सुमारास मंदावते. बोटाने वाजवून पाहण्याची रीत सर्वांना माहीत आहे. कच्चे फळ टणटण वाजते आणि तयार फळाचा आवाज बदबद, जड येतो. परंतु कान तयार व्हायला बरीच फळे हाताखालून जावी लागतात, म्हणून मोजक्या फळांच्या घरच्या बागेत मी बाळी आणि डाग यांनाच प्रमाण मानीन. दोन्ही खुणा एकत्र दिसल्याशिवाय फळ काढू नये, कारण कलिंगड वेलीवरून काढल्यावर आंब्यासारखे अढीत पिकत नाही आणि त्याची गोडी पुढे वाढत नाही.

गच्चीबाग, ठाणे

हा धागा गच्चीवर बाग करणारेही वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडी भर घालते. गच्चीवर कलिंगड निश्चित येते, मात्र १८ इंच व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची पिशवी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ७५ लिटर मिश्रण मावते, आणि ती नुसती माती असेल तर ओली झाल्यावर वजन १०० किलोंच्या पुढे जाते. म्हणून मातीबरोबर कोकोपीट आणि कंपोस्ट भरपूर घ्यावे आणि पिशव्या गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या रेषेवर किंवा भिंतीलगत ठेवाव्यात. एका पिशवीत एकच वेल लावावी. जागा कमी असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का मुथ्थू हा आखूड वेलीचा वाण पाहावा. त्याची फळे अडीच-तीन किलोंची असतात.

वेल जाळीवर चढवली तर फळ देठावर लोंबकळू देऊ नये. ते मोसंबीएवढे झाले की जुन्या सुती ओढणीची झोळी करून तिची चारही टोके जाळीला बांधावीत, देठाला नव्हे, आणि फळ फुगेल तशी ती सैल करावी. झोळीत फळ जमिनीला टेकत नसल्याने वर सांगितलेला पिवळा डाग नीट उमटत नाही. तिथे बाळीवर आणि तारखेच्या चिठ्ठीवरच भर द्यावा लागतो.

शेंडे खुडण्याविषयी वेगवेगळी मते वाचायला मिळतात. मला विचाराल तर दोन फळे पक्की धरेपर्यंत शेंडा खुडू नये, कारण नव्या वाढीवरच पुढची मादी फुले येतात. फळे मुठीएवढी झाल्यावर, जागा अपुरी असेल तरच, वेलीचे टोक थांबवावे. फळाच्या आसपासची पाने मात्र एकही काढू नये.

परसदार, नाशिक

सर्वांचे पुन्हा आभार. प्रत्येक आळ्यातील एकेक वेल कापली, पेंढा अंथरला आणि पाण्याची वेळ सकाळची केली. शेवटची एक शंका विचारते. या फळांचे बी पुढच्या वर्षासाठी ठेवता येईल का?

भीमाकाठ, सोलापूर जिल्हा

ठेवता येईल. शुगर बेबी हे संकरित नव्हे, सरळ वाण आहे. जवळपास दुसऱ्या वाणाचे कलिंगड नसेल किंवा ज्या फुलाचे परागीभवन आपण केले त्यावर आदल्या संध्याकाळपासून पिशवी बांधून मधमाश्यांना अटकाव केला असेल, आणि वापरलेले नर फूलही तसेच झाकलेले असेल, तर बी शुद्ध मिळेल. यंदा तसे झाले नसेल तर अजून येणाऱ्या एखाद्या मादी फुलावर तो प्रयोग करावा. संकरित वाणाच्या फळातील बी मात्र ठेवू नये, त्यातून मूळ गुणांचे फळ मिळत नाही. बियांसाठीचे फळ पूर्ण पिकू द्यावे, बी धुऊन पाण्यात तरंगणारे काढून टाकावे, बुडालेले सावलीत खडखडीत वाळवावे आणि राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. नाशिकची थंडी पाहता ते पेरण्याची घाई जानेवारीत करू नये. जमीन गार असताना बी कुजते किंवा उगवण रेंगाळते, आणि तेव्हा कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे आले तर दोन पानांचे रोप एका दिवसात संपते.